अबू फहदचा गंज

“माझा गंज कुठाय? कुणी नेला माझा गंज? आत्ताच्या आत्ता परत आणा!”

अबू फहद ओरडत होता. आधी अरबीत, मग आम्हाला नीट कळावं म्हणून हिंदीत, आणि मग पुन्हा अरबीत, कारण हिंदीत त्याला पुरेशा शिव्या येत नव्हत्या. कुवेतच्या राई भागातल्या त्याच्या दिव्यांच्या शोरूममध्ये छताला जेवढी झुंबरं टांगली होती तेवढी सगळी त्या आवाजानं किणकिणायला लागली, आणि एकाचा लोलक सुटून थेट दिगूमामाच्या टकलावर पडला, असं मी पुढं कित्येक वर्षं सांगत आले. पडला नसेल, पण पडायला हवा होता. कुवेतमध्ये मी माणसं पार्किंगवरून ओरडताना पाहिली आहेत, दुधाच्या पावडरीवरून ओरडताना पाहिली आहेत. गंज हरवला म्हणून छाती बडवणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला.

टेबलावर पांढऱ्या फडक्यावर एक तलवार पडली होती, मूठ काढून ठेवलेली. तिच्यापाशी एक जपानी म्हातारा डोळे मिटून उभा होता, घरात कुणी गेल्यासारखा. पलीकडे माझे बाबा, त्या शोरूमचे हिशेबनीस, चुना लावल्यागत पांढरे. त्यांच्या मागे, भिंत मागं सरकली असती तर आणखी मागे, आईचा भाऊ दिगूमामा. आणि मधोमध मी. जपान्याला इंग्रजी येत होतं, अबू फहदला हिंदी आणि अरबी, म्हणून बाबांनी बारावीतल्या मला दुभाषी म्हणून शाळेच्या युनिफॉर्मवरच उचलून आणलं होतं.

या अबू फहदबद्दल आधी सांगायला हवं. तो आमचा कफील. म्हणजे कुवेतमधलं आमचं राहणं, श्वास घेणं आणि शिंकणं त्याच्या नावावर होतं. आमचे पासपोर्ट त्याच्या तिजोरीत, आणि आमच्या तिघांच्या इकाम्याच्या, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या, कागदांवर त्याची सही व्हायची राहिलेली. परवाना संपत आला होता. बाबा रोज सकाळी कागद घेऊन जायचे आणि तो रोज म्हणायचा, “आधी तलवारींचं होऊ दे. मन प्रसन्न असलं की सही सुंदर येते.” सही झाली नसती तर आम्ही बारावीच्या मध्यात सामानसुमान घेऊन चिपळूणला. तिथल्या कॉलेजात अर्ध्या वर्षात मला कोण घेणार होतं? माझं वर्ष बुडणार, बाबांची नोकरी बुडणार, आणि ते सगळं दोन लोखंडी पट्ट्यांवर टांगलेलं.

अबू फहदचे वडील म्हणे मुंबईत मोती विकायचे आणि हातात घेऊन खरा-खोटा मोती सांगायचे. पारख रक्तातून येते अशी मुलाची समजूत होती. रक्तातून त्याला फक्त मधुमेह आला होता. इराकबरोबरच्या युद्धानंतर राईच्या शुक्रवारच्या बाजारात काय वाटेल ते विकायला यायचं: कुणाच्या घरची घड्याळं, कुणाची गालिच्याची अर्धी गुंडाळी, एक पाय नसलेला पियानो. त्या बाजारातून हा माणूस दर शुक्रवारी एक ‘प्राचीन’ वस्तू उचलून आणायचा. सुलतानाचा हुक्का, राणीचा आरसा, आणि एक दुर्बीण, जिच्या तळाशी ‘मेड इन तैवान’ लिहिलेलं होतं आणि जी त्याच्या मते समुद्री चाच्यांची होती. त्या वर्षी त्यानं दोन जपानी तलवारी आणल्या. एक सोनेरी. म्यानावर ड्रॅगन, मुठीवर ड्रॅगन, आडव्या चकतीवर ड्रॅगन, आणखी जागा असती तर ड्रॅगनवर ड्रॅगन. दुसरी तपकिरी चामड्याच्या म्यानातली, लष्करातल्या शिपायाच्या कमरेला असते तसली, मळकी. ती दुकानदारानं सोनेरीवर फुकट दिली होती.

आता या दोन तलवारी अस्सल की नक्कल, हे सांगायला कुणी तरी जाणकार हवा. आणि ज्या शहरात जाणकार हवा असं म्हटलं जायचं, त्या शहरात दिगूमामा तीन मिनिटांत हजर व्हायचा. बाबांनीच त्याला याच शोरूममध्ये सेल्समन म्हणून चिकटवलं होतं. झुंबर विकायचं सोडून तो गिऱ्हाइकांना आपल्या घराण्याच्या लढाया सांगायचा. “आमच्या रक्तात पोलाद आहे, अरबाब,” असं त्यानं मालकाला सांगितलं. माझ्या आजोळी शस्त्र म्हणून एक विळी आणि एक अडकित्ता होता, आणि अडकित्त्याची एक कडी तुटलेली होती. पण मामानं कुठल्याशा विमान कंपनीच्या मासिकात तलवारींवरचं एक पान वाचलं होतं, तेही अर्धंच, कारण उरलेल्या अर्ध्यावर मागच्या प्रवाशानं भेळ सांडली होती. तेवढ्या भांडवलावर तो मूल्यमापनकार झाला.

त्याच्या पद्धती होत्या. पात्यावर नखानं टिचकी मारायची आणि डोळे मिटून आवाज ऐकायचा. पातं जिभेला लावायचं. मग हातावरचे केस भादरायचे. आठवडाभरात त्याचा डावा हात कोपरापर्यंत तान्ह्या बाळासारखा गुळगुळीत झाला. सोनेरी तलवारीचं त्यानं निदान केलं: “चारशे वर्षं. राजघराण्यातली. पात्यावरची ही लाटांसारखी रेघ बघा, काय ठसठशीत आहे!” मळकीला म्हणाला, “ही कारखान्यातली. शिपायाची. हिनं कलिंगडसुद्धा कापू नये.” अबू फहद इतका खूश झाला की त्यानं मामाला ‘उस्ताद’ म्हणायला सुरुवात केली. शहराबाहेर जहराला असलेल्या गोदामातल्या दिव्यांचं काम मामाकडून काढून दुसऱ्याला दिलं, कारण उस्तादानं खोकी कशी मोजायची? बाबा घरी येऊन एवढंच म्हणाले, “हा आपल्याला बुडवणार.” बाबांचं असंच. भविष्य बरोबर सांगायचे आणि मग ताक प्यायचे.

आमचं घर सलव्यात, दुसऱ्या मजल्यावर. खिडकीतला एसी जुन्या लाँचसारखा घरघरायचा आणि मधूनच खोकून थांबायचा. तो थांबला की शेजारच्या मशिदीतली बांग, खालच्या लेबनानी बाईचं मुलांवर खेकसणं आणि आमच्या कुकरची शिट्टी एकदम घरात शिरायची. आईचं राज्य स्वयंपाकघरात. तिथं दोन गोष्टी जगप्रसिद्ध होत्या. पहिली तिचं कालवण. इथला झुबेदी म्हणजे आपला सरंगाच, तो आणून ती आमसूल आणि त्रिफळं घालून असं काही करायची की अबू फहद वर्षातून दोनदा डबा मागवायचा आणि डबा चाटून परत पाठवायचा. आणि दुसरी तिची भांडी. चिपळूणहून तिनं एक तांब्या, एक समई आणि दोन वाट्या विमानातून मांडीवर घेऊन आणल्या होत्या. चिंच, मीठ, राख नसली तर रांगोळी, आणि काथ्या. ती घासायला बसली की त्या पितळेला बिचाऱ्याला आपण पितळ आहोत याचा विसर पडायचा. बाबा त्या तांब्यात बघून दाढी करायचे हे मी सांगते तेव्हा लोक हसतात. मी स्वतः त्यात बघून वेणी घातली आहे. काठाखाली, गळ्यात, कानाकोपऱ्यात काळा ठिपका राहिला तर ती मध्यरात्री उठेल अशी बाई. कुणी दुसऱ्यानं तिचं भांडं घासलं तर ‘छान झालं’ म्हणायची आणि पाठ वळली की परत घासायची. मला तर घासायची तिनं कधी संधीच दिली नाही, हे एका अर्थी बरंच झालं.

खंडेनवमी आली. गावाकडे त्या दिवशी शस्त्रं-अवजारं घासूनपुसून पुजतात, तशीच आम्ही कुवेतमध्येही पुजायचो. पाटावर आईची विळी, बाबांचा कॅल्क्युलेटर, गाडीची किल्ली, माझी कंपासपेटी. झेंडू नव्हता, म्हणून प्लॅस्टिकचा हार, तो दरवर्षी धुऊन वापरायचा. त्या सकाळी मामा काखेत चादरीत गुंडाळलेलं काही तरी घेऊन आला. त्या दोन तलवारी! जपानी जाणकार येणार होता, म्हणून अबू फहदनं ‘उस्तादा’ला त्या पुसून ठेवायला दिल्या होत्या.

“आक्का, पाट मोकळा कर. आज या घरात खरी शस्त्रपूजा होणार.”

“दुसऱ्याची वस्तू आहे, दिगू,” आई म्हणाली. “कुंकू लाव, नमस्कार कर, परत ठेव. हात लावू नकोस.”

पण हात लावायचा नाही तर मामाला हात दिले कशाला? सोनेरीला त्यानं पुसलं; ती आधीच इतकी चकाकत होती की तिच्यात घासण्यासारखं काही नव्हतंच. मळकीची मूठ त्यानं बत्त्यानं ठोकून सैल केली, बांबूची बारीक खुंटी आईच्या विणायच्या सुईनं बाहेर ढकलली आणि मूठ ओढून काढली. पात्याला लवंगेचा वास येत होता, कुणी तरी कधी काळी तेल लावून जपल्याचा. आईनं लांबूनच ओळखला. आणि मुठीत लपलेलं पात्याचं जे शेपूट होतं ते काळंकुट्ट होतं, जुन्या तव्यासारखं, त्यावर छिन्नीनं कोरलेली चार-पाच अक्षरं.

“गंज!” मामा किंचाळला. “शस्त्राला गंज! आणि आज खंडेनवमीला! देवी काय म्हणेल?”

“देवीचं देवी बघेल. तू ते परत बसव.”

त्यानं ऐकलं नाही. आईची चिंच घेतली, मीठ घेतलं, तारेची घासणी घेतली आणि बाल्कनीत बसून ते शेपूट खरवडलं. खरवडताना घराण्याचा इतिहास चालूच. तेवढ्यात टीव्हीवर मॅच सुरू झाली, आपली पहिली विकेट पडली, आणि मामा घासणी टाकून आत पळाला. शेपूट बऱ्यापैकी पांढरं झालं होतं. अक्षरांच्या खाचांत आणि कडेला मात्र काळं तसंच राहिलं. मामानं ते फडक्यानं पुसलं, कुंकवाचं बोट लावलं आणि मूठ परत ठोकून बसवली. आई बाल्कनीत गेली, सांडलेली चिंच बघितली आणि म्हणाली, “पाव किलो होती.” एवढंच.

आणि मग तो जपानी म्हातारा. समुद्राचं पाणी गोडं करायच्या प्रकल्पावर आलेला, निवृत्तीला टेकलेला इंजिनिअर. तलवारी बघणं हा त्याचा घरचा नाद, आजोबांपासूनचा. मला वाटलं होतं, हाही आमच्या मामाचा जपानी भाऊ निघणार. त्यात त्यानं सोनेरी तलवार उचलण्याआधी तिला वाकून नमस्कार केला, खिशातून कागदाची घडी काढली आणि ओठांत धरली. श्वासाचा दमटपणा पात्याला लागू नये म्हणून! अबू फहद त्याला प्रश्नांवर प्रश्न विचारतोय आणि तोंडात कागद असल्यामुळे तो फक्त भुवया हलवतोय. मी त्या भुवयांचं भाषांतर करत होते.

सोनेरीला त्यानं एक चहाचा घोट घेण्याइतका वेळ दिला. पातं दिव्याखाली तिरपं धरलं, खाली ठेवलं, कागद काढला आणि म्हणाला, “रेघ अॅसिडनं काढलेली आहे. नवीन. भिंतीवर चांगली दिसेल.” मी ते हिंदीत सांगितलं. मामा लगेच म्हणाला, “याला जपानी तलवारींतलं काही कळत नाही.” हे मी भाषांतरित केलं नाही. काही गोष्टी दुभाष्यानं गिळायच्या असतात.

मग त्यानं मळकी उपसली. त्या क्षणाबद्दल मी अतिशयोक्ती करत नाही, करायची गरजच नाही. म्हातारा हलला नाही. झुंबरांतला एक साधा बल्ब त्यानं निवडला आणि पातं त्याच्याकडे रोखून हळूहळू वळवत राहिला. मग मला बोटानं जवळ बोलावलं आणि दाखवलं. धारेच्या कडेनं एक पांढुरकं धुकं पसरलं होतं, पहाटे वाशिष्ठीच्या पाण्यावर असतं तसं, आणि त्याच्या आत पोलादाला लाकडासारखे रेषांचे पदर. रंगवलेलं काही नाही, आतून आलेलं. आजही कुणी मला अस्सल म्हणजे काय विचारलं तर मी तोंडानं काही सांगत नाही, हात तिरपा धरून दाखवते, आणि लोकांना वाटतं मला संधिवात झाला. “जुनी आहे,” म्हातारा कागदातूनच पुटपुटला. “खूप जुनी. दुसऱ्या महायुद्धात कुणी तरी घरातली तलवार लष्करी म्यानात घालून नेली.” मी सांगितल्यावर अबू फहद खुर्चीवरून उठला. बाबांनी इकाम्याचे कागद फायलीतून अर्धे बाहेर काढले. सही जवळजवळ झालीच होती.

“आता शेपूट,” म्हातारा म्हणाला. “तिथं नाव असेल.” त्यानं खुंटी काढली, आपल्याच मनगटावर हलकी मूठ मारली आणि तलवारीची मूठ निसटून आली.

आतून जे निघालं ते नुकतं घासलेल्या पळीसारखं चमकत होतं. कडेला कुंकू.

म्हाताऱ्याच्या तोंडातला कागद खाली पडला. मग मला एकेक शब्द सुटा करून सांगितलं: त्यांच्याकडे पातं लखलखीत ठेवतात, पण मुठीतल्या शेपटाला कधीच पुसत नाहीत. बाप पुसत नाही, मुलगा पुसत नाही. तो काळा गंजच तलवारीचं वय सांगतो, आणि अक्षरं खरी की मागाहून कोरलेली तेही तोच सांगतो. “हिचं वय धुऊन टाकलंय,” तो म्हणाला. “खाचांत थोडं उरलंय. तेवढंच. आता कुणी हिला अस्सल असल्याचा कागद देणार नाही.”

मी भाषांतर केलं. आणि तिथून ते ओरडणं सुरू झालं, “माझा गंज कुठाय?”, जे अजून माझ्या कानात आहे.

“कुणी घासली?” अबू फहदनं शेवटी विचारलं. त्यानं ते हळू विचारलं, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. बाबांनी कागद परत फायलीत सरकवले. आणि घराण्याच्या लढाया लढलेला, रक्तात पोलाद असलेला माझा मामा भिंतीपासून अर्धं पाऊल पुढं आला.

“अरबाब, मैं तो मना कर रहा था। मेरी बहन ने घिसा। गाँव की औरत है, उसको क्या समझता है!”

मी म्हणाले, “खोटं आहे. मामानं घासली. मी बघितलंय.” अबू फहदनं माझ्याकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं. “बिंती, बेटी, तू आईची मुलगी. हा बहिणीचा भाऊ. मी कुणाचं ऐकू? चला, भाभीलाच विचारू.” तलवार फडक्यात गुंडाळली, आणि आम्ही सगळे, तो जपानी म्हातारासुद्धा, त्याच्या जहाजाएवढ्या गाडीतून सलव्याला निघालो. वाटेत मामा माझ्या कानाशी लागला: “चिमे, आक्का सांभाळून घेईल. बाईमाणसाला तो काय बोलणार?” हिशेब त्यानं बरोबर मांडला होता. आई म्हणाली असती ‘मी घासली’, तर मामा वाचला असता. पण मग हिशेबनिसाच्या बायकोनं मालकाची तलवार बाटवली असं झालं असतं आणि आम्ही चिपळूणला. आई म्हणाली असती ‘यानं घासली’, तर सख्ख्या भावाला परमुलखात मालकाच्या तोंडी दिलं असं झालं असतं. आणि या भावासाठी आईनं आजवर किती वेळा स्वतःवर ओढून घेतलं होतं ते मला ठाऊक होतं.

दार आईनं उघडलं. हात ओले, पदर खोचलेला. अबू फहदनं सलाम केला, तलवार जेवणाच्या टेबलावर उघडली आणि सरळ विचारलं, “भाभी, ये किसने घिसा? आपका भाई बोलता है, आपने.”

आईनं मामाकडे पाहिलं. मामा एसीकडे बघत होता. एसी नेमका तेव्हाच थांबला. खालची लेबनानी बाई मुलांवर खेकसली. आईनं हात पदराला पुसले, तलवारीवर वाकली आणि त्या शेपटावरून अंगठा फिरवला: खाचांवरून, कडेवरून, मॅच सुरू झाल्यावर अर्धवट सुटलेल्या त्या काळ्या पट्ट्यावरून. तिचं नाक किंचित आकसलं, आंबलेली आमटी हुंगल्यासारखं. मग ती स्वयंपाकघरात गेली. तिथून तांब्या घेऊन आली, तलवारीशेजारी ठेवला, आणि ट्यूबलाइट लावली.

अबू फहदनं तांब्याकडे पाहिलं. त्यात त्याचा स्वतःचाच चेहरा होता, दाढीच्या केसासकट. त्यानं तांब्या उचलला, काठाखाली पाहिलं, गळ्यात पाहिलं, उलटा करून बूड पाहिलं. मग ते अर्धं घासलेलं शेपूट पाहिलं. मग मामाकडे पाहिलं. आयुष्यात त्यानं केलेली ती एकमेव अचूक पारख. जपानी म्हाताऱ्यानं तांब्याला वाकून नमस्कार केला; हे मात्र खरंच घडलं. अबू फहदनं बाबांपुढं हात पसरून फाईल मागितली आणि तिथंच, कालवणाच्या वासात, तिन्ही कागदांवर सही केली. सही सुंदर वगैरे काही आली नाही. मामाला म्हणाला, “उस्ताद, कलसे जहरा. गोदाम. खोका गिनो.”

ते सगळे गेल्यावर मामा आमच्या हॉलमध्ये पिशवी भरत बसला. सगळ्यांच्या ताटातलं उरलेलं दैव आपल्याच वाट्याला आलं असा त्याचा चेहरा. आई तांब्या परत धूत होती, कारण परक्या माणसानं त्याला हात लावला होता.

“आक्का,” मामा म्हणाला, “सख्ख्या भावासाठी एवढं नाही झालं तुझ्यानं? मी घासलं म्हणाली असतीस तर तुझं काय गेलं असतं?”

आईनं नळ बंद केला.

“असलं घासलेलं मी माझं म्हणून सांगणार नाही.”